शर्ट काढल्याबद्दल

अन्याय झाला तो आमच्या संघाच्या डाव्या विंगरवर. रविवारी सकाळी, सामन्याच्या एकोणऐंशीव्या मिनिटाला, चामराजपेटमधल्या आमच्या लाल मातीच्या मैदानावर. त्याने गोल केला, अंगातला शर्ट काढला आणि पंचाने त्याला मैदानाबाहेर घालवलं. त्याने कुणाला लाथ मारली नव्हती, कुणाला शिवी दिली नव्हती. गोल केला होता.

माझ्या पत्रकाची सुरुवात ही अशी होती. माझी सगळी पत्रकं अशीच सुरू होतात. ज्या बाईंच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्यांचा दंडकच होता: आधी माणूस सांग, मग वेळ सांग, विशेषणं उरलीच तर शेवटी. ते पत्रक मी त्याच दुपारी जेवायच्या आधी लिहिलं. त्यातला एकूण एक शब्द खरा होता. तरीही ते पत्रक खोटं होतं, आणि हे मला कळायला सोमवारची संध्याकाळ व्हावी लागली.

विंगर म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणते. बेंगळुरूच्या आमच्या जुन्या मराठी घरांत मोठा भाऊ अण्णाच असतो. आम्ही भांडतो मराठीत, भाजी घेतो कानडीत, आणि दोन्हीकडे थोडे परके वाटतो. अण्णा विमा कार्यालयात कारकून आहे. आठवडाभर फायलींच्या मागे बसलेला असतो. रविवारी डावी बाजू त्याची. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. ज्यांना वरच्या संघांकडून बोलावणं यायचं असतं त्यांना ते या वयाच्या बरंच आधी येतं, आणि ज्यांना येत नाही ते हळूहळू तसं बोलणंच सोडून देतात. त्यानेही सोडलं होतं. त्या महिन्यात मात्र निरोप आला: वरच्या विभागातल्या एका क्लबचे प्रशिक्षक आमचा या सामन्याच्या पुढच्या रविवारचा सामना बघायला येणार आहेत, त्यांना डावा विंगर हवाय. आत्याने घरात तळण बंद केलं. अण्णा पहाटे उठून गल्लीत धावायला लागला.

गल्लीत, कारण मैदानाला कुलूप होतं.

आता माझ्याबद्दल. मैदान ज्या ट्रस्टच्या ताब्यात आहे, त्यांनी ते आठवड्याच्या सकाळी एका खासगी अकादमीला देऊन टाकलं होतं. पूर्वी तिथे बायका चालायला यायच्या, म्हातारे ऊन खात बसायचे, आमचा संघ सराव करायचा. आता गेट फक्त लीगच्या रविवारी उघडायचं. मी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, पत्रकं वाटली, ट्रस्टच्या कार्यालयाबाहेर बसले. तिथला शिपाई इतका चांगला की मला दोनदा खुर्ची आणून दिली. आतून कुणी बाहेर आलं नाही. तेव्हा मला बनियन सुचलं. पांढरं बनियन, छातीवर काळ्या कानडी अक्षरांत दोन शब्द: गेट उघडा. माझी पत्रकं छापणाऱ्यानेच ते छापून दिलं. रविवारी भिंतीवर चार-पाचशे माणसं बसतात. गोल झाल्यावर ती सगळी एकाच माणसाकडे बघतात. इतके डोळे माझ्या कुठल्या पत्रकाला मिळाले होते?

शनिवारी बनियन घेऊन मी आत्याकडे गेले.

"आत हे, वर जर्सी?" अण्णा म्हणाला. "उकडून मारतेस काय ग?"

"नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मग तूच धाव की नव्वद मिनिटं."

आत्या ओट्यापाशी होती. "काय लिहिलंय त्याच्यावर?"

"गेट उघडा."

"आमचं दार वाजवलं तर आम्ही उघडतोच की. त्याला बनियन कशाला लागतं?"

"आत्या, मैदानाचं गेट."

"बरं बरं. रंग जाणार नाही ना? बाकीच्या कपड्यांत भिजवायचंय मला."

अण्णाने ते अंगाला लावून बघितलं. "कार्ड मिळतं शर्ट काढला की. माहितीय ना तुला?"

"पिवळं. नुसती ताकीद असते ती. मिळू दे की."

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. एकाच सामन्यात दोन पिवळी झाली की लाल; खेळाडू बाहेर, आणि पुढचा सामनाही बंद. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर मी हिशेब मांडला होता: एकच पिवळं, नुकसान शून्य.

"सरी, ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "गोल झाला तर. आणि काढायचा की नाही ते मी बघेन. बाहेरनं ओरडायचं नाही."

"नाही ओरडणार."

मी ओरडले नाही. एवढा शब्द पाळला.

रविवारी पूर्वार्ध संपेपर्यंत मी गेटबाहेर उभी राहून पत्रकं वाटत होते. उशिरा येणारे, रस्त्यावरून जाणारे, रिक्षात बसून वाट बघणारे, कुणालाच सोडत नव्हते. आत एकतिसाव्या मिनिटाला समोरच्या संघाला रेषेबाहेरून चेंडू आत फेकायचा थ्रो मिळाला आणि अण्णाने चेंडू पायाने जरासा पलीकडे ढकलला. वेळ काढायला करतात तसं. पंचाने पिवळं दाखवलं. मी तेव्हा रस्त्यावर एका रिक्षावाल्याला सार्वजनिक मैदान कशाला म्हणतात ते समजावत होते. आत आल्यावर मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. फलक बघितला: एक-एक. गळ्यातली पिशवी सावरून रेषेजवळ जाऊन उभी राहिले.

एकोणऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून उंच चेंडू आला, बचाव करणाऱ्या दोघांच्या डोक्यावरून गेला, आणि अण्णाने तो टप्पा पडायच्या आत डाव्या पायाने आत मारला. इतका नीट गोल मी त्याचा आधी बघितला नव्हता. भिंतीवरची सगळी माणसं उभी राहिली. अण्णा धावत माझ्या बाजूच्या रेषेकडे आला. हात शर्टाच्या कडेला.

त्याच्या मागून पंच धावत येत होता. दोन्ही तळवे पालथे, वरून खाली दाबत होता, पुन्हा पुन्हा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हाही ट्रस्टचाच माणूस. कुणीतरी आतली बातमी फोडली, आणि याला आमचं बनियन झाकायला पाठवलंय. चळवळीत राहून माणसाचं हे असं होतं. जो हात वर करतो तो आपला, जो खाली करायला सांगतो तो त्यांचा.

अण्णा थांबला. शर्ट अर्धा वर गेलेला, पोटावर बनियनची पांढरी कड दिसत होती. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी मूठ वर केली.

त्याने शर्ट काढला. अक्षरं अगदी स्वच्छ दिसली. भिंतीवरून कुणीतरी ती मोठ्याने वाचली, मग आणखी चौघांनी. मी पटापट तीन फोटो काढले. तिसऱ्या फोटोत पंचाच्या हातात लाल कार्ड आहे.

आम्ही दहा जणांत सामना जिंकलो. पोरं मैदानाच्या मध्यावर नाचत होती. अण्णा बाहेरच्या भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर चुरगळलेली जर्सी. मी धावतच गेले.

"सगळ्यांनी वाचलं, अण्णा! सगळ्यांनी!"

"पुढच्या रविवारी कोण येणार होतं?" त्याने विचारलं.

मी गळ्यातली पिशवी काढून खाली ठेवली.

"मला आधीच एक पडलं होतं, तंगी."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लाडात असला की तो मला तसं म्हणतो. तेव्हा लाडात नव्हता.

मला जे येतं ते मी केलं. घरी जाऊन पत्रक लिहिलं. नियमाला झोडपलं, पंचाला झोडपलं. 'आनंदाला लाल कार्ड' असा मथळा दिला. सोमवारी सकाळी मार्केटच्या बस स्टॉपवर दोनशे प्रती वाटल्या. लोक बस सोडून वाचत होते. अण्णाच्या कार्यालयातल्या एकाने तर चार जादा मागून घेतल्या. पत्रकात बनियनाचा उल्लेख होता, ते कुणी दिलं याचा नव्हता. तो मी मुद्दाम लपवला, असंही नाही. लिहिताना तो मला सुचलाच नाही, आणि त्याची मला आज जास्त लाज वाटते.

माझ्या गुरू बाईंचा दुसरा दंडक असा: ज्याच्याविरुद्ध लिहिलंस त्याला एक प्रत स्वतःच्या हाताने नेऊन दे; पाठीमागे वाटलं ते पत्रक नाही, ती चुगली. म्हणून संध्याकाळी मी पंचाकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला निघाले. पंच नागपूरचा होता, नोकरी महादेवपुऱ्यातल्या कंपनीत, रविवारी हौसेने शिट्टी वाजवायचा. रिंग रोडवर बस इतकी रेंगाळली की मी माझंच पत्रक तीनदा वाचलं. तिन्ही वेळा आवडलं.

तो त्याच्या इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर भेटला. माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. उभ्याउभ्याच वाचलं. घाई केली नाही.

"मिनिट बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "बाकीचे लोक काहीही लिहितात."

"म्हणजे चूक मान्य आहे, सर?"

"चूक कायची? नियम आहे. शर्ट काढला की पिवळं. गोल रद्द झाला तरी पिवळं राहते. तिथं मला डोकं चालवायला जागाच नाही ठेवली कोणी."

"कुणाची नडगी फोडली तरी पिवळं, आनंद झाला तरी पिवळं. पटतं तुम्हाला?"

"नाही पटत." चहावाल्याला त्याने बोटांनी दोन खुणावले. "पण मागे एकानं शर्ट काढून समोरच्या लोकांच्या तोंडासमोर फिरवला होता. खुर्च्या उडाल्या, ताई. मी होतो तिथं. तवापासून वाटते, असू दे बापा हा नियम."

"मग जो तोंडासमोर फिरवतो त्याला द्या शिक्षा. ज्याने नुसता काढला त्याला कशाला?"

"तुमचं बरोबर आहे. पण ते ठरवणार कोण? मीच ना? अन् मग तुम्ही पत्रक काढान की पंच पक्षपाती आहे."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. त्याने पत्रकाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"एक सांगू? मी त्याला वाचवायला धावून राहिलो होतो. एक पिवळं आधी दिलेलं माझ्या ध्यानात होतं. दोन्ही हातांनी सांगत होतो, नको काढू, नको काढू. अन् तो थांबला होता. शर्टाला हात, अन् थांबला. मला वाटलं, वाचला पोट्टा." त्याने चहाचा घोट घेतला. "मग त्यानं रेषेबाहेर पाहिलं कोणाकडे तरी. अन् काढला. तुम्ही त्याच बाजूला उभ्या होत्या ना? कोण होतं तिथं?"

टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मी होते," मी म्हटलं. "बनियनही माझंच."

त्याने चहा खाली ठेवून पत्रकाची पुन्हा घडी घातली. मग ते माझ्या हातात परत दिलं. "मग हे अजून पूर्ण नाही झालं, ताई."

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली आणि काही केल्या बसवेना. डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना ढकलत होत्या. नियम वाईट आहे, हे एक. ते मी आजही म्हणते. सत्तावीस वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण समोर आल्यावर माणसाने कपडे सावरून उभं राहावं, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांनी कधी गोल केलेला नसावा. चेंडू पलीकडे ढकलला आणि शर्ट काढला, या दोन किरकोळ गोष्टींची बेरीज करून जो कुणाला धक्काही लावत नाही त्याला हाकलायचं, हा कुठला न्याय? पण दुसरी गोष्ट अशी, की नियम ज्या माणसांच्या धास्तीने केलेत त्यांत माझ्यासारखी माणसं आहेत. ज्यांना काहीतरी सांगायचंय, आणि ते सांगायला ज्यांना दुसऱ्याचं अंग लागतं. पंचाचं कार्ड त्या अंगापर्यंत पोचतं. रेषेबाहेर मूठ वर करून उभी असलेली बाई त्याच्या वहीत नसते.

पुढच्या रविवारी प्रशिक्षक आले. अण्णाही आला. घरी थांबला असता तर बरं, पण तो आला आणि गेटजवळ काकडीवाल्याच्या गाडीपाशी उभा राहिला. मी सामना संपायची वाट बघितली नाही. मध्यंतराला प्रशिक्षकांकडे गेले. त्यांच्या हातात लीगने दिलेली यादी होती, अण्णाच्या नावापुढे लाल खूण.

"ती खूण माझी आहे," मी कानडीत सांगितलं. मग सगळं सांगितलं. बनियन, पिवळं, मूठ.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "सरी अम्मा," ते म्हणाले. "तुझं खरं आहे. पण लेफ्ट विंगला मी तुला कशी खेळवू?"

बाजूचे दोघे हसले. ते स्वतः हसले नाहीत. म्हणाले, तो कसा खेळतो ते आज बघायचं होतं, आज तो नाही. आणि त्यांच्याकडे दुसरा रविवार नव्हता. उत्तरार्धात ते समोरच्या संघाच्या डाव्या विंगरकडे बघत राहिले, आणि सामना संपल्यावर त्याच्याशीच बोलत गेटबाहेर पडले. काकडीच्या गाडीवरून पुढे गेले, तेव्हा अण्णा बाजूला सरकला, त्यांना वाट दिली.

आम्ही दोघं चालत घरी आलो. मी म्हटलं, "शिव्या दे मला."

"आत्ता नको. दम नाही."

"बनियन नसतं तर तू शर्ट काढला असतास?"

"काढला असता बहुतेक. तसला गोल होता तो." मग तो म्हणाला, "पण मग आत मीच असतो की. तुझं गेट नसतं."

"तू माझ्याकडे बघितलंस का?"

"काढू नको म्हणशील असं वाटलं."

कोपऱ्यावर त्याने आत्यासाठी कोथिंबीर घेतली, जुडी नीट बघून, खालची पिवळी पानं काढून टाकून, नेहमीसारखी.

दुसरं पत्रक मी त्याच आठवड्यात काढलं. सुरुवात तीच ठेवली. माणूस, वार, मिनिट. पुढे लिहिलं की हा अन्याय दोघांनी केला, एका नियमाने आणि एका मुलीने, आणि ती मुलगी हे पत्रक वाटते आहे. त्याच बस स्टॉपवर उभी राहिले. पहिलं पत्रक वाचलेला एक रिक्षावाला म्हणाला, "परवा पंच चोर होता, आज तुम्ही चोर. उद्या कोण मॅडम? चेंडू?" अण्णाच्या कार्यालयातल्या माणसाने या वेळी एकच प्रत घेतली. पंचालाही एक पाठवली. त्याने उत्तरात एवढंच लिहिलं: आता पूर्ण.

मग लीगच्या समितीला पत्र दिलं. मागण्या दोनच. शर्ट काढल्याबद्दल ताकीद द्यायची तर द्या, पण ती दुसऱ्या ताकिदीत मिळवून खेळाडूला बाहेर काढू नका आणि त्याचा पुढचा सामना हिरावून घेऊ नका. आणि शर्टाखाली काही लिहिलेलं निघालं, तर ते कुणाचं आहे ते विचारा, आणि त्या माणसाला एक सामना गेटबाहेर ठेवा. दुसरी मागणी मी स्वतःवर आधीच लागू केली. एक रविवार बाहेर उभी राहिले. आतला आवाज ऐकून गोल कुणी केला ते ओळखायचा प्रयत्न केला, ओळखता आलं नाही.

समितीने पत्र ठेवून घेतलं. उत्तर नाही. मैदानाला आठवड्याच्या सकाळी अजून कुलूप आहे. त्या कामात मी अजून आहे, आता माझ्या स्वतःच्या गळ्यात पाटी अडकवून. अण्णा खेळतो. गोलही करतो. गोल झाला की दोन्ही हात पाठीमागे धरून मधल्या रेषेकडे चालत जातो, एखाद्या साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडावं तसा. भिंतीवरच्या लोकांना ती त्याची लकब वाटते. एकदा कुणीतरी नक्कलही केली. मला ते बघवत नाही.

म्हणून मागते, आणि तुमच्याकडे मागते, कारण एका चामराजपेटच्या पत्राने कुठली समिती हललेली मी बघितली नाही. तुमच्या गावात, पेठेत, कॉलनीत, कंपनीत जिथे कुठे फुटबॉलची लीग चालते, तिच्या समितीला पत्र लिहा. पहिली मागणी जशीच्या तशी घ्या: शर्ट काढल्याची ताकीद दुसऱ्या कुठल्या ताकिदीत मिळवू नका, त्यासाठी कुणाचा पुढचा रविवार काढून घेऊ नका. पोस्टकार्ड चालेल. खाली तुमचं स्वतःचं नाव घाला, खेळाडूचं नको. आज लिहा.